कच्चं काम लोकांपुढे ठेवावं का?

आज आपण लिनक्सच्या जन्माकडे एका प्रश्नासाठी बघू. कच्चं काम लोकांपुढे ठेवावं का?

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा लिनस टॉर्व्हल्ड्स आपल्या ३८६ संगणकासाठी कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहीत होता. सप्टेंबरातली ०.०१ आवृत्ती जेमतेम दहा हजार ओळींची. ती चालवून बघायलाही टॅनेनबाउम यांची मिनिक्स प्रणाली हाताशी लागे. दुसरीकडे, १९८३ साली स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पापाशी बरीच साधनं होती, पण चालता गाभा नव्हता. दोन अपुऱ्या गोष्टी एकत्र आल्या. १९९२मध्ये टॉर्व्हल्ड्सने ग्नूचाच परवाना घेतला: वापरा, बदला, विकासुद्धा, मात्र बदललेली प्रणाली दुसऱ्याला द्याल, तेव्हा तिचा मूळ कोडही द्या.

आता कुणी म्हणेल, मनात आलं की आम्हीही लिहितो आणि लगेच प्रसिद्ध करतो, मग फरक काय? फरक आहे बरं का. चुकलेला कोड बहुधा कुठेतरी अडतो, आणि दुसरा माणूस नेमकी ती ओळ दुरुस्त करू शकतो. चुकलेलं मत अडत नाही. ते पसरतं, त्याला वाहवा मिळते, आणि मग लिहिणाऱ्यालाच ते सोडवत नाही.

म्हणजे अपुरेपणा हा दोष नव्हे. दुरुस्तीची वाट बंद असणं हा दोष. तेव्हा लिहिलेलं बाहेर सोडण्याआधी आपण स्वतःला एवढंच विचारू: हे चुकलं असेल, तर आपल्याला कशावरून कळेल?