पेट्रोल किती, हवा किती?

आमच्या घरी एक जुनी स्कूटर होती. थंडीच्या दिवसांत सकाळी ती सहजासहजी चालू होत नसे. अब्बा आधी चोक ओढत, मग गाडी एका अंगावर तिरकी करत, चार-पाच किका मारत. तरीही ती बोलली नाही, तर आम्हा भावंडांना धक्का मारायला हाक येई. शाळेला उशीर ठरलेलाच. शेवटी गाडी मामूंच्या गॅरेजात जाई. मामू कार्ब्युरेटर खोलत, त्यातून पितळेचा हरभऱ्याएवढा तुकडा बाहेर काढत, तो उजेडाकडे धरून त्याच्या भोकातून एक डोळा मिटून बघत. मग क्लचच्या जुन्या केबलची एक बारीक तार त्यात फिरवून जोरात फुंकर मारत. "जेटमध्ये कचरा होता," एवढेच सांगत. पाच मिनिटांत गाडी चालू.

एवढ्याशा भोकात असे काय आहे, हे आम्ही एकदा विचारले. मामू म्हणाले, "ठिणगी तर लागतेच. पण त्याआधी इंजिनाला दोन गोष्टी लागतात, पेट्रोल आणि हवा. आणि दोन्ही मापात लागतात. ते माप या भोकात आहे."

हे माप माणसाला कसे सापडले, याची हकीकत आम्ही पुढे वाचली. ती वाचताना मामूंची ती तार पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

वाफ जळते, पातळ पेट्रोल नाही

पेट्रोल पेटते असे आपण म्हणतो, पण खरे तर पेटते ती त्याची वाफ. तीसुद्धा हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली असेल तरच. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. हवेचे वजन आपल्या डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून वेगळ्या रीतीने सांगतो. एक लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते. दहा बाय दहाची आणि दहा फूट उंचीची खोली घेतली, तर तिच्यातली सगळी हवा तीन लिटर पेट्रोलमध्ये संपते.

हवा फार झाली तर ठिणगी पडूनही मिश्रण नीट पेटत नाही. गाडी झटके देते आणि इंजिन तापते. पेट्रोल फार झाले तर ते अर्धवट जळते, धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते. दोन्ही बाजूंना नुकसान आहे. शिवाय चालत्या गाडीत हे प्रमाण एकदा जमवून भागत नाही. उतार येतो, चढ येतो, गाडी थांबते, पुन्हा पळते. दर वेळी हवा कमी-जास्त होते, आणि तेवढ्याच हिशेबाने पेट्रोल कमी-जास्त व्हावे लागते. हे काम करणारे उपकरण म्हणजे कार्ब्युरेटर.

औषधांच्या दुकानातले इंधन

निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये जर्मनीत चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखवले, तेव्हा हा प्रश्न इतका अवघड नव्हता. ते इंजिन दिव्यांसाठी शहरात पुरवल्या जाणाऱ्या कोळशाच्या गॅसवर चालत असे. गॅस आधीच हवेसारखा असतो. त्यामुळे तो हवेत मिसळायला फारसे काही करावे लागत नाही. पण असे इंजिन गॅसच्या नळाला बांधलेले राहते. त्याला रस्त्यावर आणायचे तर इंधन बरोबर नेता आले पाहिजे, म्हणजे ते पातळ हवे. आणि पातळ इंधन हवेत मिसळायचे कसे, इथे सगळे अडले.

कार्ल बेन्झ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिच्यात त्यांनी अगदी साधा मार्ग घेतला होता. एका भांड्यात इंधन ठेवायचे आणि इंजिन ओढते ती हवा त्याच्या पृष्ठभागावरून न्यायची. ओला कपडा वाऱ्यावर वाळतो तशी त्या इंधनाची वाफ हवेबरोबर निघून जाते. हे इंधन लिग्रोइन नावाचे होते. कपड्यांवरचे डाग काढायला ते वापरत आणि ते औषधांच्या दुकानात मिळे.

या पद्धतीत खोटी बऱ्याच होत्या. इंधनातला हलका भाग आधी उडून जाई आणि जड भाग भांड्यात मागे राही. त्यामुळे भरल्या भांड्याचे मिश्रण वेगळे आणि अर्ध्या भांड्याचे वेगळे. थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त. रस्त्यावर दणके बसले की इंधन डचमळे आणि माप पुन्हा बदले. गाडी चालवणाऱ्याला कान इंजिनाकडे ठेवून मिश्रणातली हवा हाताने कमी-जास्त करावी लागे. म्हणजे खरा कार्ब्युरेटर माणूसच होता.

ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेन्झ यांच्या पत्नी बेर्टा बेन्झ यांनी नवऱ्याला न सांगता ही मोटार बाहेर काढली. ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेऊन त्या मॅनहाइमहून आपल्या माहेरी, फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर होते, आणि इतक्या लांब तोवर कोणी मोटार नेली नव्हती. वाटेत वीसलोख गावात इंधन संपत आले, तेव्हा त्यांनी तिथल्या औषधांच्या दुकानातून लिग्रोइन घेतले. एका ठिकाणी इंधनाची नळी तुंबली. बेर्टांनी आपल्या टोपीची लांब पिन काढली आणि नळी साफ केली.

हे वाचले तेव्हा आम्हाला मामूंची क्लचची तार आठवली. शंभर वर्षांनंतरही दुखणे तेच होते आणि इलाजही तोच.

वात, ब्रश आणि फवारा

पृष्ठभागावरून हवा नेणे पुरेसे नाही, हे लवकरच सगळ्यांना कळले. मग ज्याने त्याने आपली युक्ती लढवली. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी कंदिलाची वात वापरली. सुती वातींची टोके पेट्रोलमध्ये बुडवायची, पेट्रोल वातींतून वर चढते आणि हवा त्या ओल्या वातींमधून ओढून घ्यायची. व्हिएन्नात झिगफ्रीड मार्कुस यांनी फिरता ब्रश लावला. तो इंधनात बुडून फिरे आणि बारीक थेंब हवेत उडवी.

ज्या मार्गाने पुढे सगळे जग गेले तो मात्र फवाऱ्याचा होता. विल्हेल्म मायबाख यांचे नाव त्याच्याशी जोडले गेले आहे. मायबाख दहा वर्षांचे असताना पोरके झाले. रॉयटलिंगेन शहरातील एका धर्मादाय संस्थेने त्यांना वाढवले. संस्थेचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता. तिथे हा मुलगा नकाशे काढायला शिकला आणि तिथेच कारखान्याचे काम पाहायला आलेल्या गॉटलीब डाइमलर यांच्या नजरेत भरला. पुढे दोघांनी आयुष्यभर बरोबर काम केले. कंपनीतल्या भागीदारांशी बिनसल्यावर मायबाख बाहेर पडले आणि कान्श्टाट इथल्या एका जुन्या हॉटेलच्या हॉलमध्ये त्यांचे प्रयोग सुरू राहिले. तिथल्या कामातून १८९३ मध्ये त्यांचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर आला. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही अशाच कार्ब्युरेटरचे पेटंट मागितले होते, आणि तेही मायबाख यांच्या काही महिने आधी.

या रचनेत दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे फ्लोट. घरावरच्या टाकीत पाणी भरले की बॉल वर येतो आणि कॉक बंद होतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत तेच घडते. पेट्रोल खाली गेले की फ्लोट उतरतो, सुई मागे सरते, पेट्रोल आत येते. पातळी भरली की सुई भोक बंद करते. टाकीत दहा लिटर असो की अर्धा, या वाटीतली पातळी तीच राहते.

पातळी राखण्याची ही कल्पना फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमधल्या बनू मूसा या तिघा भावांनी आपल्या ‘किताबुल हियल’ या ग्रंथात सुमारे शंभर यांत्रिक युक्त्या लिहून ठेवल्या. त्यांत तरंगत्या गोळ्यावर आपोआप उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या झडपाही आहेत. मायबाख यांनी तो ग्रंथ पाहिला होता असे म्हणण्याला आधार नाही, आणि तसे म्हणायची गरजही नाही. पाण्याची पातळी माणसाने उभे न राहता राखली गेली पाहिजे, ही गरज बगदादमध्येही होती आणि कान्श्टाटमध्येही.

दुसरी गोष्ट जेट. इंजिनाचा पिस्टन खाली येताना हवा ओढतो. ही हवा जेटच्या तोंडावरून वेगाने जाते. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब तिथे कमी होतो. वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. तो पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो आणि त्याचा बारीक फवारा होतो. अत्तराच्या फवाऱ्याच्या बाटलीत हेच होते. पुढे जेटपाशी हवेची वाट मुद्दाम अरुंद करण्यात आली, म्हणजे तिथे वेग आणखी वाढावा. यातली खुबी अशी की हवा जास्त ओढली तर पेट्रोलही आपसूक जास्त येते. माणसाच्या हातातले काम हवेने स्वतःच उचलले.

वेग वाढला की माप बिघडते

तरीही माप पुरते जमले नव्हते. इंजिन जोरात पळू लागले की जेटमधून येणारे पेट्रोल हवेपेक्षा जास्त प्रमाणात वाढते. सावकाश चालताना नीट असलेले मिश्रण वेगात घट्ट होते. वेगासाठी नीट केले, तर गाडी सावकाश चालताना बंद पडते.

फ्रान्समध्ये आर्थर क्रेब्स यांनी १९०२ मध्ये यावर उपाय काढला. ओढ वाढली की एक जादा झडप आपोआप उघडायची आणि वरची हवा आत सोडायची. १९०६ मध्ये फ्रान्स्वा बाव्हरे यांनी दुसराच मार्ग दाखवला. त्यांनी एकाऐवजी दोन जेट लावले. पहिला नेहमीसारखा, वेग वाढेल तसे जास्त पेट्रोल देणारा. दुसऱ्याचे पेट्रोल आधी वर उघड्या असलेल्या एका लहान विहिरीत ठिबकते आणि तिथून इंजिनात जाते. विहीर हवेला उघडी असल्यामुळे इंजिनाने कितीही ओढ लावली, तरी ठिबकते त्यापेक्षा जास्त पेट्रोल तिच्यातून निघत नाही. त्यामुळे वेग वाढला की हा दुसरा जेट तुलनेने कमी पडतो. एक चुकतो जास्तीकडे, दुसरा कमतरतेकडे, आणि दोघे मिळून माप बरोबर ठेवतात.

इंग्लंडमधल्या स्किनर कुटुंबाचा धंदा जोड्यांचा. त्यांच्यातल्या जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी साधारण याच काळात असा कार्ब्युरेटर केला की ओढीप्रमाणे त्याची हवेची वाटच लहान-मोठी होई. त्या पहिल्या कार्ब्युरेटरमधला हलणारा भाता चामड्याचा होता. जोड्यांच्या घरातला माणूस इंजिनाकडे वळला, तेव्हा हाताशी असलेला मालच त्याच्या कामी आला.

अब्बा ओढत तो चोक, हाताने फिरवायची मूठ, मामू पेचकसने पाव-पाव फेरा फिरवत तो स्लोचा स्क्रू, ही सगळी याच धडपडीतून आलेली. चोक ओढला की हवा कमी होते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून तेवढ्या वेळापुरते मिश्रण मुद्दाम घट्ट ठेवायचे. हे ठाऊक असते, तर गाडी तापल्यावरही चोक ओढलेलाच ठेवून आम्ही पेट्रोल जाळले नसते आणि अब्बांची बोलणीही खाल्ली नसती.

मामूंचे गॅरेज

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. आता सेन्सर हवा मोजतात, छोटा संगणक हिशेब करतो आणि इंजेक्टर पेट्रोल सोडतो. मामूंच्या गॅरेजात काम कमी झाले. उस्तादांच्या हाताखाली बारा वर्षांचे असल्यापासून शिकलेले हुनर एकाएकी जुने झाले, याचा त्यांना फार लागून राहिला. "माझे कान आता कुणाला नकोत," असे ते एकदा बोलून गेले. मुलाने या धंद्यात येऊ नये असेही म्हणू लागले.

मुलगा आयटीआयला गेला आणि परत गॅरेजातच आला, स्कॅनर घेऊन. मागच्या वर्षी एक गाडी आली. पिकअप नव्हता, पेट्रोल फार खात होती. स्कॅनरने एका सेन्सरचे नाव दाखवले. मुलगा तो बदलायला निघाला. मामूंनी प्लग काढायला लावला, त्यावरची काजळी पाहिली आणि म्हणाले, "पेट्रोल जास्त नाही, हवा कमी आहे. आधी फिल्टर बघ." एअर फिल्टर धुळीने गच्च झाला होता. मशीनने खोटे सांगितले नव्हते, पण कमी हवेमुळे काय काय बिघडते हे त्याला सांगता येत नव्हते.

त्या दिवसापासून बापलेक एकाच बाकड्यावर काम करतात. स्कॅनर मुलाच्या हातात असतो. प्लग अजून मामूच पाहतात.

तुमच्या घरी एखादी जुनी स्कूटर किंवा मोटारसायकल पडून असेल, तर भंगारात देण्याआधी एखाद्या मिस्त्रींकडून तिचा कार्ब्युरेटर उतरवून घ्या. पेट्रोल पुरते काढून टाकलेले असावे, आणि चूल, विडी-सिगारेट आसपास नसावी. मग मुलामुलींना बसवून फ्लोट बोटाने वर-खाली करून दाखवा, जेट उजेडाकडे धरून त्यातून बघायला सांगा. आमच्या पितळेच्या जेटमधून अजूनही खिडकीचा एक बारीक, गोल उजेड दिसतो.