पर्यटन आणि प्रादेशिक सहकार्य : कवांगो-झांबेझी प्रदेशाचा अनुभव

निसर्गावर आधारलेल्या पर्यटनात एक मूलभूत विसंगती असते. प्रवासी जी नदी, जो धबधबा, जे हत्तींचे कळप पाहावयास येतो, त्यांना राजकीय सीमा ठाऊक नसतात. परंतु प्रवाशाला प्रवेश देणारे, त्याच्याकडून शुल्क घेणारे आणि वन्य प्राण्यांचे रक्षण करणारे शासन मात्र सीमेपाशी थांबते. त्यामुळे एका राष्ट्राने राखलेली संपत्ती दुसऱ्याच्या दुर्लक्षाने नष्ट होऊ शकते, आणि एकाने सोसलेल्या तोशिशीचा लाभ दुसऱ्याच्या पदरात पडू शकतो. प्रादेशिक सहकार्य हा यावरील उपाय म्हणून सांगितला जातो. तो कितपत गुणकारी आहे, हे पाहण्यास आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कवांगो-झांबेझी संरक्षित प्रदेशाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

अंगोला, बोट्स्वाना, नामिबिया, झांबिया व झिंबाब्वे या पाच राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये या प्रदेशासंबंधी सामंजस्याचा मसुदा मान्य केला आणि १८ ऑगस्ट २०११ रोजी लुआंडा येथे रीतसर करारावर स्वाक्षऱ्या केल्या. प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे ५ लाख २० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून अधिक आहे. त्यात बोट्स्वानातील चोबे, झिंबाब्वेतील ह्वांगे आणि झांबियातील काफ्वे ही राष्ट्रीय उद्याने व ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश येतो. तथापि हे सर्व मिळून एकच अभयारण्य झाले आहे, अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. शेते, गुरचराई, गावे आणि नगरेही त्यात आहेत. प्रत्येक राष्ट्राचे सार्वभौमत्व अबाधित असून कासाने येथील सचिवालयाकडे समन्वयाचे काम आहे, आज्ञा करण्याचा अधिकार नाही. सहकार्याचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोहोंचे मूळ या रचनेतच आहे.

सहकार्याचा प्रवाशाच्या नजरेस येणारा भाग म्हणजे सामायिक व्हिसा. व्हिक्टोरिया धबधबा सुमारे १,७०० मीटर रुंद असून त्याचा एक काठ झांबियात, तर दुसरा झिंबाब्वेत आहे. १९८९ साली जागतिक वारशात त्याची नोंद झाली ती दोन्ही राष्ट्रांच्या नावे. १९०५ साली बांधलेला पूल हे काठ जोडतो. परंतु तो ओलांडून परत येणाऱ्या अनेक परदेशी प्रवाशांना दोन व्हिसांचे शुल्क भरावे लागे आणि पुनःप्रवेशाची वेगळी तजवीज करावी लागे. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन्ही राष्ट्रांनी ५० डॉलर शुल्काचा, ३० दिवस चालणारा एकच व्हिसा देण्यास प्रारंभ केला. काझुंगुला येथून बोट्स्वानात जाऊन त्याच दिवशी परतण्याची मुभाही त्यात होती. हल्ली ज्याला स्मार्ट पर्यटन म्हणतात, त्याचा खरा अर्थ येथे स्पष्ट होतो. एका नाक्यावर दिलेली अनुमती दुसऱ्या राष्ट्राच्या नाक्यावर विनाविलंब ओळखता यावी, यासाठी परस्परांच्या नोंदींवर विश्वास असावा लागतो. यंत्रे त्या विश्वासाला गती देतात. तो निर्माण करीत नाहीत.

या प्रयोगाची वाटचाल सरळ झाली नाही. पहिल्या टप्प्यानंतर तो खंडित झाला व डिसेंबर २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाला. पुढे २०२२ च्या अखेरीस झांबियाने अनेक देशांच्या पर्यटकांना व्हिसाची अटच काढून टाकली. त्यामुळे त्या प्रवाशांच्या दृष्टीने सामायिक व्हिसाचे आकर्षण कमी झाले. एका राष्ट्राचा स्वतंत्र, आणि त्याच्यापुरता योग्य असा निर्णयही संयुक्त योजनेचा हिशेब कसा बदलतो, याचे हे उदाहरण होय. काझुंगुलाचा २०२१ साली खुला झालेला ९२३ मीटर लांबीचा पूल हे दुसरे. झांबिया व बोट्स्वाना यांना जोडणारा हा पूल शेजारच्या राष्ट्रांच्या हद्दीला स्पर्श होऊ नये म्हणून वक्राकार बांधावा लागला.

व्हिसापेक्षा कमी गाजलेले, परंतु अधिक मौलिक कार्य म्हणजे २०२२ सालची हत्तींची गणना. पाचही राष्ट्रांनी एकाच कोरड्या हंगामात, एकाच पद्धतीने विमानांतून ती केली. संख्या सुमारे २,२७,९०० निघाली. पैकी बोट्स्वानात सुमारे १,३२,०००, झिंबाब्वेत ६५,०००, नामिबियात २१,०००, अंगोलात ६,००० आणि झांबियात ४,००० हून काहीशी कमी. स्वतंत्र गणनांत एकच कळप दोनदा मोजला जाण्याचा किंवा मुळीच न मोजला जाण्याचा संभव असतो. संयुक्त गणनेने तो बराच कमी झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भाराची विषमता उघड झाली. निम्म्याहून अधिक हत्ती एकाच राष्ट्रात एकवटले आहेत. दक्षिण-पूर्व अंगोलात त्यांना पसरण्यास विस्तीर्ण भूमी आहे. परंतु २००२ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धाने मागे ठेवलेले सुरुंग आणि गुरांच्या लाळ-खुरकत रोगाच्या प्रतिबंधासाठी उभारलेली कुंपणे त्यांच्या मार्गात आहेत. ही कुंपणे गोमांसाच्या निर्यातीचे रक्षण करतात. म्हणजे पर्यटनाचा प्रश्न येथे पशुपालनाच्या अर्थकारणाशी येऊन भिडतो.

आणि तो शेतकऱ्याशीही येऊन भिडतो. प्रवाशाचे डॉलर बहुशः निवासगृहे, विमान कंपन्या व सरकारी तिजोरी यांच्याकडे जातात. हत्तीने तुडविलेले मक्याचे शेत मात्र एका कुटुंबाचे असते. झिंबाब्वेने १९८० च्या दशकातील कॅम्पफायर कार्यक्रमाने आणि नामिबियाने १९९६ च्या कायद्याने वन्य जीवांपासून होणाऱ्या उत्पन्नात ग्रामसमूहांना वाटा दिला. परंतु या बाबतीत धोरणांची एकवाक्यता नाही. बोट्स्वानाने २०१४ मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि २०१९ मध्ये ती उठविली. त्या काळात नदीपलीकडच्या नामिबियात परवान्याने शिकार चालूच होती. नदी उतरताच हत्तीचे कायदेशीर स्थान बदलावे, हे संयुक्त व्यवस्थेचे अपुरेपणच दर्शविते.

या अनुभवावरून असे दिसते की, उत्पन्न वाटून घेण्याचे सहकार्य तुलनेने लवकर जमते, माहिती वाटून घेण्याचे त्याहून सावकाश, आणि भार वाटून घेण्याचे सर्वांत अखेरीस. पर्यटनाचे स्थैर्य मात्र या तिसऱ्या पायरीवरच अवलंबून आहे. सामायिक व्हिसा किती विकले गेले, या आकड्यावरून सहकार्याचे यश मोजणे म्हणूनच अपुरे होय. कळपाचा मार्ग मोकळा झाला काय, आणि त्या मार्गावरील शेतकऱ्याला त्याची किंमत मिळाली काय, हे दोन प्रश्न प्रत्येक संयुक्त योजनेस प्रथम विचारावयास हवेत.