पाण्याला पडणारी पोकळी

इंग्रजीतला ‘कॅव्हिटी’ हा शब्द दंतवैद्यांनी घरोघरी पोचवला. त्याचं भावंड ‘कॅव्हिटेशन’ मात्र फारसं कानावर पडत नाही. पोकळी तयार होणं, असा त्याचा सरळ अर्थ. क्षयाने फुप्फुसात पोकळी झाली की डॉक्टर तो वापरतात. पण त्याची खरी गंमत आहे ती पाण्यात.

चार्ल्स पार्सन्स या ब्रिटिश इंजिनिअरने 1894 मध्ये ‘टर्बिनिया’ ही बोट पाण्यात उतरवली. टर्बाइन दमदार होतं, तरी वेग वीस नॉटपर्यंतही जाईना. पंखा इतका गरगरत होता की पात्यांजवळ पाण्याचा दाब कमालीचा घटून तिथे वाफेचे बुडबुडे धरत होते. न तापवताच पाणी उकळत होतं म्हणा ना! ताकद सगळी त्या पोकळीत वाया. पार्सन्सने पंख्यांचं निरीक्षण करायला खास टाकी बांधली आणि शेवटी तीन दांड्यांवर मिळून नऊ पंखे बसवले. 1897 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवी नौदल संचलनात ही चिमुकली बोट आगंतुकासारखी घुसली आणि आरमाराच्या गस्ती नौकांनाही सापडली नाही.

हे बुडबुडे दिसायला नाजूक, पण फुटताना धातूवर असा मारा करतात की पोलादी पात्यांनाही खड्डे पडतात. धरणावरची टर्बाइन आणि मोठे पंप यांनाही हा त्रास होतो.

पिस्तूल कोळंबी मात्र याच बुडबुड्यावर पोट भरते. नांगी फटकन मिटून ती तो तयार करते, आणि त्याच्या फुटण्याच्या धक्क्याने भक्ष्य गार होतं.