अक्की हवी की रोक्क?

"अक्की द्या नाहीतर रोक्क द्या, पण वेळेवर द्या म्हणावं!" आमच्या गल्लीतल्या मावशींचे हे उद्गार २०२३ च्या जुलैतले. कर्नाटक सरकारला अन्नभाग्य योजनेसाठी जादा तांदूळ मिळेना, म्हणून माणशी ५ किलोंऐवजी किलोला ३४ रुपयांप्रमाणे १७० रुपये खात्यावर येऊ लागले होते. २०२५ मध्ये पुन्हा तांदूळ सुरू झाला. मधल्या काळात आपल्या सीमाभागात घरोघरी एकच वाद होता : पैसा हाती आला तर तो पोटात जाईल की गुत्त्यावर?

याचा पडताळा होळकरांच्या इंदूरने आधीच घेतलेला आहे. 'सेवा' ही महिलांची संघटना आणि युनिसेफ यांनी २०११-१२ मध्ये त्या जिल्ह्यातल्या आठ गावांत मोठ्या माणसाला दरमहा २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले. वर्षाने ते ३०० आणि १५० झाले. खर्चावर कसलीही अट नव्हती. मुलांचे पैसे आईकडे जात. पैसे न मिळालेल्या तशाच गावांशी तुलनाही केली. नवरा-बायको आणि तीन मुले धरली तर सुरुवातीला महिना ७०० रुपये. एवढ्यात संसार होत नाही, हे कुणीही सांगेल.

तरी ताटात फरक पडला. डाळ, ताजी भाजी, अंडी घरात जास्त येऊ लागली. मुलांची वजने सुधारली, त्यातही मुलींची अधिक. दारूवरचा खर्च वाढल्याचे दिसले नाही. घोडाखुर्द या आदिवासी गावातही असाच प्रयोग झाला. तिथे काहींनी बी-बियाणे घेतले आणि दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात राबले.

रोखीचा हा गुण गृहिणींना सांगायला नको. उधारीवर घेणाऱ्याला दुकानदार देईल तो माल आणि सांगेल तो भाव!

मात्र एक गोष्ट विसरू नये. इंदूरकडे रेशन बंद करून पैसे दिले नव्हते, ते वरचे होते. आपल्याकडच्या गृहलक्ष्मीचे २००० किंवा लाडक्या बहिणीचे १५०० रुपये बाईच्या नावावर येतात, हे चांगलेच. पण घरात खाणारी तोंडे तीन की आठ, याचा हिशेब त्यात नाही.

मावशींना विचारले, दोघांच्या ३४० रुपयांचे तेव्हा काय केले?

"तूरडाळ आणली. तांदूळ होताच की घरात."