छापलेला चेहरा

सिद्धेश्वरच्या धरणावर माझ्या आज्याने माती वाहिली. पूर्णा नदीवरचे ते काम साठच्या दशकातले. त्या कामावरच्या माणसांचा एकच फोटो आमच्या वस्तीत उरला आहे. १४ एप्रिलला काढलेल्या पुस्तिकेत आम्ही तो छापला. आजीने पान डोळ्यांजवळ नेले आणि विचारले, "ह्यात तुझा आजा कोणता रं?" मला सांगता आले नाही. सगळे चेहरे शाईचे डाग झाले होते.

मी छापखान्यावर चिडलो. तिथल्या कामगाराने शांतपणे माझीच फाईल मला दाखवली. मी मराठी शिकवतो, घरातला पहिला पदवीधर. मजकूर लिहिला की आपले काम संपले, असे मी मानीत होतो. 'मूकनायक' १९२० साली निघाले तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही. बाबासाहेबांनी पुढे 'भारत भूषण' छापखानाच उभा केला. हा वारसा सांगणाऱ्यांनी छपाईबद्दल अडाणी राहणे बरे नव्हे. म्हणून जे शिकलो ते मांडतो.

छपाईला फोटोच्या दर इंचात सुमारे ३०० बिंदू लागतात. चार इंच रुंद छापायचा तर १२०० बिंदू हवेत. माझा फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेला, ४०० बिंदूंचा. तोच मी ताणला. संगणकात नुसता आकडा वाढवून हरवलेला चेहरा परत येत नाही. मूळ फोटो दोन इंचांचा असेल आणि चार इंच छापायचा असेल, तर तो ६०० बिंदूंवर स्कॅन करावा आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

दुसरी गोष्ट शाईची. फोटो ठिपक्यांनी छापला जातो. साधा कागद शाई पितो, ठिपके फुगतात आणि गडद भाग भरून जातो. उन्हात राबलेल्या आपल्या माणसांचे चेहरे आधी बुजतात ते यामुळे. म्हणून मधल्या छटा उजळून घ्याव्यात. याचा अर्थ चेहरा गोरा करावा असा नाही. काळ्या कातडीवरच्या सुरकुत्या आणि डोळे दिसले पाहिजेत, एवढेच.

आपला निळा रंगही फसवतो. पडद्यावर तो प्रकाशाचा असतो, कागदावर चार शायांचा. निळी आणि किरमिजी शाई सारखीच भरली तर जांभळा उतरतो. किरमिजी बरीच कमी ठेवावी. मजकुराला मात्र फक्त काळी शाई द्यावी. चारही शाया दिल्या आणि कागद केसभर सरकला, तर अक्षर धूसर होते.

फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरे मोडतात. 'बुद्ध' आणि 'मुक्ती' या शब्दांची दशा पाहवत नाही. टंक आत बसवून पीडीएफ करावी. कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जादा सोडावा, कारण तेवढा कापला जाऊ शकतो. मधोमध पिना मारायच्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत ठेवावीत. आणि शेकडो प्रती काढण्याआधी त्याच कागदावर एक नमुना मागून घ्यावा, तो दिवसाच्या उजेडात पाहावा.

ते एक पान आम्ही पुन्हा छापून घेतले. खर्च वर्गणीतून गेला, त्याचे ओझे माझ्या मनावर आहे. आजीने पान हातात घेतले, काही वेळ पाहिले आणि मागच्या रांगेतल्या एका माणसावर बोट ठेवले. मला सांगावे लागले नाही.