मोटारविक्रीतील भागांची अदलाबदल

मोटारविक्रीतील भागांची अदलाबदल ही अमेरिकेतील मोटार विक्रेत्यांमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ असलेली पद्धत होय. ग्राहकाने पसंत केलेल्या नव्या गाडीत त्याला हवा असलेला भाग नसल्यास विक्रेता तो आवारातील दुसऱ्या गाडीतून काढून बसवून देई आणि सौदा पूर्ण करी.

पार्श्वभूमी

त्या काळी रेडिओ, शोभेच्या व्हील कॅप, पांढऱ्या पट्ट्याचे टायर इत्यादी गोष्टी अनेकदा मूळ किमतीत समाविष्ट नसत. कारखान्याकडे मागणी नोंदवून हवी तशी गाडी मिळण्यास काही आठवडे लागत. याउलट आवारातील गाड्या विक्रेत्यांनी बहुधा कर्ज काढून घेतलेल्या असत व त्या विकल्या जाईपर्यंत व्याज वाढत राही. त्यामुळे ग्राहक गमावण्यापेक्षा भाग बदलून देणे त्यांना परवडे.

किंमतपत्रक

१९५८ साली सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर चासिस क्रमांक, मूळ किंमत आणि कारखान्यात बसवलेल्या जादा भागांच्या किमती दर्शवणारे पत्रक लावणे बंधनकारक झाले. गाडी ग्राहकाच्या ताब्यात जाण्यापूर्वी ते काढणे किंवा त्यात फेरफार करणे हा गुन्हा ठरला. भागांची अदलाबदल झाली की दोन्ही गाड्या आपापल्या पत्रकाशी विसंगत होत. ज्या गाडीतून भाग काढला जाई, तिच्या पुढील ग्राहकाला पत्रकातील प्रत्येक नोंद गाडीशी ताडून पाहणे आवश्यक असे.

इंजिनबदल

काही विक्रेते संपूर्ण इंजिनही बदलून देत. जनरल मोटर्सने आपल्या लहान व मध्यम आकाराच्या गाड्यांसाठी इंजिनाची मर्यादा ४०० घनइंच ठरवली होती. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्ग येथील विक्रेते व शर्यतपटू डॉन येन्को यांनी १९६७ पासून शेवरोले कमॅरो गाडीत ४२७ घनइंची (सुमारे ७ लिटर) इंजिन बसवून विक्री केली. हा बदल ग्राहकापासून लपवलेला नसे. तेच गाडीचे आकर्षण होते. १९६९ मध्ये अशा गाड्या विशेष मागणीनुसार थेट कारखान्यातून मिळू लागल्या.

परिणाम

जुन्या गाड्यांच्या संग्राहकांमध्ये मूळ भागांना, विशेषतः चासिसशी क्रमांक जुळणाऱ्या इंजिनाला मोठे मोल असते. विक्रीपूर्वी भाग बदललेली गाडी पहिल्या मालकाकडेच राहिलेली असली, तरी ती कारखान्याच्या नोंदींशी जुळत नाही. अशा वेळी विक्रेत्याची जुनी बिले हाच महत्त्वाचा पुरावा ठरतो. येन्कोच्या गाड्यांबाबत मात्र सिद्ध झालेला इंजिनबदलच किंमत वाढवतो.