गंजलेला बोल्ट आणि आजोबांची पद्मिनी

देवासला आम्ही भावंडं आजोबांची प्रीमियर पद्मिनी दुरुस्त करतोय. कुर्ल्याच्या या गाडीचे मूळ सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, म्हणून जाम बोल्टशी जबरदस्ती परवडत नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आटे आवळून बसतात. धारचे मामा आधी तारेच्या ब्रशने गंज काढतात, गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर थांबतात, मग हातोडीचे हलके ठोके देऊन पाना थोडाथोडा पुढेमागे फिरवतात. डोकं तुटलंच, तर बरोबर मध्यभागी भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर लावतात, तोही हळूच. तो फार कडक पोलादाचा. आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही. दिवाळीत आजीला याच गाडीतून टेकडीच्या पायथ्याशी देवीदर्शनाला न्यायचंय. घाई कशाला करू?